कौतुक जरूर करा, पण नाव आधी विचारून घ्या

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या कारखान्यांचे नि कंपन्यांचे मालक, मॅनेजर आणि एचआरमधली मंडळी यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी माझी सून हिंजवडीहून घरी आली, तेव्हा तिच्या हातात एक मग होता. पांढरा, वर इंग्रजीत काहीतरी 'तुम्ही भारी आहात' अशा अर्थाचं. मी तो धुऊन मांडणीवर ठेवायला गेले तर जागाच नव्हती. आधीचे पाच तिथं होते. एकात चमचे, एकात सुटे पैसे, एकात पेनं. सहावा गॅलरीत आहे, त्यात मी पुदिना लावलाय.

"कशाबद्दल मिळाला गं?" मी विचारलं.

"सगळ्यांनाच दिलेत, आई. आज तो दिवस असतो ना, एम्प्लॉई ॲप्रिसिएशन डे."

"ते झालं. तू काय केलंस म्हणून दिला?"

"नोकरी," ती म्हणाली आणि कणीक मळायला घेतली.

हा दिवस अमेरिकेत १९९५ साली सुरू झाला. आपल्याकडे तो आला, येऊ दे. व्हॅलेंटाइनही आला, हॅलोविनही आला. मगबद्दल माझी तक्रार नाही, त्यात चहा भरपूर मावतो. माझा जीव अडकला तो 'सगळ्यांनाच दिलेत' या तिच्या उत्तरात, आणि म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी कोण ते सांगते. १९८३ साली भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसला कारकून म्हणून लागले आणि २०१७ साली तिथूनच निवृत्त झाले. कारखान्याचं नाव सांगत नाही. गाड्यांचे पत्र्याचे भाग करायचा, एवढं पुरे. पंचिंगची कार्डं, मस्टर, रजेचे अर्ज, ओव्हरटाइम, पीएफ, ग्रॅच्युइटी, सगळे कागद माझ्या टेबलावरून जायचे. आमच्या खात्याला आधी टाइम ऑफिस म्हणत, मग पर्सोनेल म्हणायला लागले, शेवटी एचआर. दारावरची पाटी तीनदा बदलली, टेबल तेच राहिलं, त्याचा एक पाय अखेरपर्यंत हलत होता.

शिवाय माझं अक्षर चांगलं. त्यामुळे ३४ वर्षं त्या कारखान्यात जेवढी प्रशस्तिपत्रकं वाटली गेली, त्यांतल्या बहुतेकांवरची नावं मी लिहिली. वर्षभर खाडा नाही म्हणून, सुरक्षा सप्ताहात घोषवाक्य लिहिलं म्हणून, २५ वर्षं सेवा झाली म्हणून. घड्याळं, स्टीलचे डबे, शाली आणायला रविवार पेठेत आणि तुळशीबागेत मीच जायची. तुम्ही मंडळी स्टेजवर असता, हातात हात देता, फोटो निघतो. मी स्टेजच्या मागच्या बाजूला होते. तिथून जे दिसलं ते सांगते.

नव्वदच्या दशकात एका फिटरची २५ वर्षं भरली. त्या वर्षी असे अकराजण होते. टाइप केलेली यादी संध्याकाळी माझ्या हातात आली, कार्यक्रम दुसऱ्या दिवशी. रात्री जेवणं उरकल्यावर मी बोरू घेऊन बसले. यादीत टाइपिस्टची एक ओळ सरकली होती, त्या फिटरच्या नावापुढं वरच्या माणसाच्या वडिलांचं नाव आलं होतं. मी तसंच उतरवलं. मस्टरमध्ये बरोबर नाव होतं आणि ते मस्टर रोज माझ्याच हाताखालून जात होतं, पण त्या रात्री ते ऑफिसात आणि मी घरी. साहेबांनी दुसऱ्या दिवशी माइकवरून तेच चुकीचं नाव वाचलं. तो माणूस उठला, वर गेला, नमस्कार केला, घड्याळ घेतलं, खाली येऊन बसला. हूं नाही की चूं नाही. मला तर चूक झाल्याचं कळलंसुद्धा नाही.

पाच-सहा वर्षांनी तो नोकरीत असतानाच वारला. ग्रॅच्युइटीच्या कागदांवर बायकोच्या सह्या हव्या होत्या म्हणून मी दिघीला त्यांच्या घरी गेले. भिंतीवर आम्ही दिलेलं घड्याळ चालू होतं. शेजारी ते प्रशस्तिपत्रक, फ्रेम करून लावलेलं. वडिलांच्या नावावर वहीच्या कागदाची एक बारीक पट्टी चिकटवलेली आणि तिच्यावर बॉलपेननं, दोन रेघांत बसवलेल्या शाळकरी अक्षरात, बरोबर नाव. पट्टी काचेच्या आतून होती. म्हणजे आधी पट्टी लावली आणि मग फ्रेमवाल्याकडे नेलं.

"पोरीनं केलंय," त्याची बायको म्हणाली. "चवथीत होती तेव्हा. बापाला म्हणाली, आजोबांचं नाव चुकलंय, बाई रागावतील."

या गोष्टीकडे मी पुन्हा येईन.

बाहेरगावचे म्हणतात, पुण्याला कौतुकाचं वावडं आहे. 'वाईट नाही' ही म्हणे इथली सर्वांत मोठी पदवी, आणि 'बरं जमलंय' असं कोणी म्हणालंच तर समोरच्यानं पेढे वाटावेत. मला हे पटत नाही. सवाई गंधर्वला जाऊन बघा. भीमसेनजींनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला तो महोत्सव. थंडीत शाली गुंडाळून माणसं मांडवात बसलेली असतात, आणि एखादी तान फिरत फिरत नेमकी समेवर उतरली की त्याच क्षणी 'वा!' जाते. दोन आवर्तनं उलटल्यावर कोणी 'वा' म्हणालं तर शेजारचा मान वळवून बघतो. निवेदकही गवयाचं नाव सांगून थांबत नाही. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, मागं तानपुरे घेऊन बसलेले दोघं कोण, सगळ्यांची नावं घेतो. तानपुऱ्यावरच्या मुलीनं त्या तासाभरात चार तारांपलीकडे कशाला हात लावलेला नसतो. पण ती थांबली तर गवयाचा षड्जच हरवेल, हे मांडवातल्या सगळ्यांना ठाऊक असतं.

तेव्हा दाद कशी द्यायची, कधी द्यायची आणि कोणाकोणाला, हे पुणेकराला शिकवायला नको. सोमवारी केबिनमध्ये शिरलं की मात्र हे सगळं ज्ञान कुठं जातं कोण जाणे.

भीती काय असते ती मी ऐकलेली आहे. "कौतुक केलं की डोक्यावर बसतात, लगेच पगारवाढ मागतात." मागू देत की! तुम्हाला द्यायची नसली तर नाही म्हणा. पण माझ्या टेबलासमोर दुसरीच रांग असायची, राजीनामा देणाऱ्यांची. अर्जात जवळजवळ प्रत्येक जण 'घरगुती कारणास्तव' लिहायचा. फायली भरल्यात त्या घरगुती कारणांनी. आयकार्ड जमा करताना, गेटपासची वाट बघत उभा असताना मग खरं बाहेर यायचं. एक डायसेटर, म्हणजे प्रेसमध्ये साचा (डाय) बसवणारा, मला म्हणाला होता, "बाई, तीन वर्षं रात्रपाळीला डाय मी बसवतोय. सकाळचा साहेब येऊन मशीनवर हात फिरवतो, म्हणतो सेटिंग झकास आहे. कोणी केलं हे एकदा तरी विचारायचं." चाकणला त्याला जास्त पगार मिळाला असेलही. पण निघताना तो पगाराबद्दल एक अक्षर बोलला नाही.

आता माझ्या हातून वाटल्या गेलेल्या दोन चुकीच्या बक्षिसांबद्दल. कारण कौतुक केलं म्हणजे भलंच होतं असंही नाही.

पहिलं हजेरीचं. वर्षात एकही खाडा नाही, त्याला आधी स्टीलचा डबा मिळायचा, पुढं प्रेशर कुकर. हिशेब मीच करायची आणि मला त्याचा अभिमानही होता. एका डिसेंबरात प्रेस शॉपमधला, म्हणजे पत्रा दाबून भाग काढतात तिथला, एक ऑपरेटर तीन दिवस अंगात ताप घेऊन आला. डोळे लाल, मफलर कानाला. मी म्हटलं, "घरी जा." तो म्हणाला, "बाई, अकरा महिने काढलेत. आता खाडा पडला तर कुकर जाईल." ज्या माणसाचा हात दिवसातून हजारदा प्रेसखाली जातो, तो तापात उभा होता एका कुकरसाठी, आणि कुकर आम्हीच लावला होता. काही झालं नाही, दैव बलवत्तर. मी साहेबांना सांगितलं. ते हसले, "बघा, योजना किती यशस्वी आहे." पुढची चार वर्षं मी कुकर आणतच राहिले.

दुसरं अपघाताच्या फळ्याचं. तुमच्यापैकी कित्येकांच्या गेटवर तो असेल, 'अपघातविरहित दिवस' आणि पुढं खडूनं आकडा. आमच्याकडे आकडा १०० झाला की सगळ्यांना अर्धा किलो मिठाई. एकदा फळ्यावर ९६ असताना एकाचं बोट पत्र्यानं कापलं, चांगलं चार टाके पडण्याइतकं. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, दवाखान्यात नेलं असतं तर अपघाताचा रिपोर्ट भरावा लागला असता. त्याला नेलं खासगी डॉक्टरकडे, आणि मस्टरला मी रजा मांडली. कोणी सक्ती केली नव्हती. तो स्वतःच म्हणाला, "माझ्यामुळं कोणाची मिठाई जायला नको." दुसऱ्या दिवशी फळ्यावर ९७ लिहिलं गेलं. शंभराव्या दिवशी त्यानंही पेढे घेतले, डाव्या हातानं.

कित्येक वर्षांनी आलेल्या एका सुरक्षा अधिकाऱ्यानं तो फळा पुसून टाकला. त्यानं एक डबा ठेवला आणि सांगितलं, 'थोडक्यात वाचलो' अशी घटना जो लिहून टाकेल, त्याच्या मशीनपाशी मी स्वतः येईन. तो खरंच यायचा. चिठ्ठी हातात, लिहिणाऱ्याला म्हणायचा, "दाखव कुठं ते." दोन महिन्यांत डबा भरला आणि वर्षाच्या आत तीन प्रेसना जाळी बसली. पहिली जाळी बसली तेव्हा त्यानं चिठ्ठी टाकणाऱ्यालाच बोलावून पहिला बोल्ट आवळायला लावला. त्याचं ना प्रशस्तिपत्रक निघालं ना फोटो. मला काही लिहावं लागलं नाही, पण तो बोल्टवाला माणूस अजून भेटला की तेच सांगतो.

सूचना पेटीचीही अशीच एक गोष्ट आहे, मात्र ती गोड नाही. एका भागाची उलटी बाजू वर राहून माल वाया जायचा. तिथं काम करणाऱ्या हेल्परनं फिक्श्चरमध्ये, म्हणजे भाग धरून ठेवणाऱ्या चौकटीत, एक छोटी पिन ठोकली. भाग उलटा ठेवला तर बसायचाच नाही. बस, एवढंच. त्या भागाची रिजेक्शन जवळजवळ थांबली. क्वालिटी सर्कलच्या स्पर्धेत इंजिनिअर मंडळींनी तिचं सादरीकरण केलं, जपानी शब्द वापरून, आणि ढाल आणली. ढालीखाली लावायला सहा नावांची पाटी माझ्याकडून लिहून घेतली. हेल्परचं नाव त्यात नव्हतं. मी विचारलं तर उत्तर आलं, "तो आपल्या रोलवर नाही, काँट्रॅक्टरचा माणूस आहे."

माझ्या टेबलावर दोन रंगांची आयकार्डं असायची, रोलवरच्यांची निळी आणि काँट्रॅक्टरच्या माणसांची पिवळी. निळ्याला दिवाळीत अर्धा किलो काजूकतली, पिवळ्याला पाव किलो सोनपापडी. आणि पिवळेच जास्त होते, आजही बऱ्याच ठिकाणी तसं आहे. तुम्ही कौतुकाचा समारंभ करता तेव्हा हॉलमध्ये निळी कार्डं बसलेली असतात, आणि खुर्च्या मांडणारे, चहा देणारे, गेटवर गाड्या लावून घेणारे, सगळे पिवळे. हे तुमच्या लक्षात येत नाही असं मी म्हणणार नाही. येतं आणि सोडून दिलं जातं. पाटीवर सातवं नाव मावलं असतं हो, मी जागा मोजली होती.

दिवाळी निघालीच आहे तर बोनसबद्दल थोडं. ८.३३ टक्के म्हणजे वर्षातला एक महिना. हा किमान बोनस १९६५ च्या कायद्यानं बांधून दिलाय, नफा होवो न होवो. वरची मर्यादा २० टक्के. कायद्याची जागा आता वेतन संहितेनं घेतली, तरी ८.३३ तसाच आहे. पगाराच्या मर्यादेत बसणाऱ्या कामगाराचा तो हक्क आहे. तेव्हा ते पाकीट देताना 'व्यवस्थापनाकडून स्नेहभेट' असं भाषण करू नका. देणेकरी देणं फेडताना उपकाराचं भाषण करत नाही. ग्रॅच्युइटीचंही तेच. वर्षामागं १५ दिवसांचा पगार, तो त्यानं कमावलेला. चेक आणि शाल एकाच तबकात ठेवून फोटो काढण्याची पद्धत मी बरीच वर्षं बघितली. शाल तुमची, चेक त्याचा. दोन वेगवेगळ्या दिवशी दिलेत तरी चालेल, चेक आधी.

आता बैलांबद्दल. भाद्रपदातली अमावास्या जवळ आली की माझ्याकडे रजेच्या अर्जांची चळत लागायची. खेड, मावळ, मुळशीची पोरं; आमच्या पुणे जिल्ह्यात बऱ्याच गावांत पोळा श्रावणात नाही, भाद्रपदात असतो. एरवी कारणाच्या रकान्यात 'घरगुती', 'तब्येत', 'लग्न'. या दिवसांत मात्र ठणठणीत अक्षरात 'बैलपोळा'. एकानं दोन दिवसांची रजा मागितली तेव्हा मी शहरातली बाई विचारून बसले, सण तर एकच दिवसाचा ना? तो म्हणाला, "आदल्या दिवशी खांदेमळणी असते बाई." बैलाला धुऊन त्याच्या खांद्याला तूप-हळद चोळतात. शिंगांना रंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरं, मिरवणूक, हे सगळं दुसऱ्या दिवशीचं, गावाला दाखवायचं. आदल्या दिवशी गोठ्यात, कोणी बघत नसताना, फक्त खांदा. जू जिथं वर्षभर घासतं, तिथं.

कामगार म्हणजे बैल नव्हे. युनियनची मंडळी वाचत असतील तर त्यांनी रागावू नये. पण त्या पोराचं बोलणं ऐकल्यापासून कुठलाही कौतुक समारंभ बघितला की माझ्या मनात येतं, झूल तर आणली, खांदा कोणी बघितला का?

आमच्याकडे रात्रपाळीला चहा थर्मासमधून यायचा. कँटीन अकराला बंद, मग दोनच्या सुट्टीत पोरं कोमट, साय धरलेला चहा प्यायची. वर्षानुवर्षं. एका नव्या वर्क्स मॅनेजरनं काय केलं, एका रात्री दोन वाजता आला, त्यांच्याच रांगेत उभा राहिला, तोच चहा प्यायला आणि काही न बोलता निघून गेला. आठवडाभरात शॉपमध्ये गॅसची शेगडी आणि चहा करायला एक माणूस. नोटीस लागली नाही, उद्घाटन झालं नाही. आमची निवृत्त मंडळी निगडीच्या बागेत जमतात, त्यांत त्या साहेबाचं नाव आजही निघतं. स्नेहसंमेलनाला ऑर्केस्ट्रा आणणाऱ्या साहेबाचं नाव आठवायला त्यांना एकमेकांना विचारावं लागतं.

माझ्या सुनेचा खांदा कुठं दुखतो ते मी घरात बसून सांगू शकते. कौतुकाची पार्टी शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला. फेज थ्रीपासून वाकडच्या पुलापर्यंत त्या वेळी काय अवस्था असते ते तुम्हीही त्याच रस्त्यानं जाता, सांगायला नको. पाळणाघर सातला बंद होतं. म्हणजे तिचं कौतुक होत असताना ती घड्याळ बघत उभी, आणि इकडे मी पायात चपला घालून नातवाला आणायला निघालेली. लवकर निघाली तर 'टीममध्ये मिसळत नाही' हे वर्षाच्या शेवटी रेटिंगला लागायला मोकळं. हा समारंभ दुपारी तीनला ठेवला तर काय बिघडेल? काम बुडेल, हेच ना? मग कौतुक तुमच्या वेळातून करायचं की तिच्या?

रविवारचंही तसंच. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे आणि १८८४ साली उभी राहिलेली त्यांची मिलहँड्स असोसिएशन यांनी सभा घेतल्या, सह्यांचे अर्ज केले, तेव्हा कुठं. त्या सुट्टीत सकाळी दहाला ग्रुपवर मेसेज येतो, 'सॉरी टु डिस्टर्ब'. आणि सोमवारी रविवारी काम केल्याबद्दल टाळ्यांची चित्रं.

एकदा मात्र सून घरी आली तीच नाचत. परदेशातल्या एका ग्राहकाच्या बिलांमध्ये काही रकमा दोनदा लागत होत्या, ते हिनं शोधून काढलं होतं. आधीचा मॅनेजर असता तर 'आमच्या टीमनं शोधलं' म्हणून मेल गेली असती. नवीन बाई आल्या होत्या. त्यांनी ग्राहकासमोरच्या कॉलवर सांगितलं, "हे यांनी शोधलंय, तेव्हा त्याच सांगतील," आणि स्वतः गप्प बसल्या. वीस मिनिटं ही बोलली. त्या दिवशी मग नव्हता, चॉकलेट नव्हतं. तिनं आधी सांगलीला आईला फोन केला, मग मला सांगितलं, मग नवऱ्याला, मग मुलाला. तो तीन वर्षांचा आहे. त्यानं विचारलं, "बिल म्हणजे हॉटेलचं?"

तुमच्यापैकी कित्येकजण आपापल्या सोसायटीचे अध्यक्ष, सेक्रेटरी वगैरेही असाल, म्हणून एक सांगून घेते. आमच्याकडे दिवाळीला 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताईंना साडी द्यायची की रोख, यावर सभेत पाऊण तास चर्चा झाली. त्याच संस्थेनं आणि त्यांच्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या संघटनेनं लाल ठिपक्याची मोहीम काढली होती. वापरलेलं सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला हातानं उघडून बघावं लागणार नाही. एवढंच मागणं. साडी एकमतानं मंजूर झाली. लाल ठिपका आमच्या इमारतीत किती घरं काढतात, ते मी मोजलंय आणि इथं लिहीत नाही.

तर माझं मागणं काय? समारंभ बंद करा असं मी म्हणत नाही. हौस असते, माणसं नवे कपडे घालून येतात, बायकामुलांना कारखाना दाखवतात, ते चालू राहू दे. पण महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी पाळीपाळीनं ठरवू नका. पुढच्या महिन्यात कोणाचा नंबर आहे हे शिपायालासुद्धा माहीत असतं. बाईचं कौतुक करताना 'घर सांभाळून' हे शब्द गाळा, बाप्यांच्या वेळी तुम्ही ते म्हणत नाही. काहींना स्टेजवर घाम फुटतो, त्यांना चार माणसांत न बोलावता जागेवर जाऊन सांगा. काय आवडलं ते नेमकं सांगा, 'ग्रेट जॉब' म्हणजे काहीच नाही, 'परवा तू ती गळती वेळेत पकडलीस' म्हणजे काहीतरी. आणि परवाचं परवाच सांगा, मार्चच्या पहिल्या शुक्रवारपर्यंत साठवून ठेवू नका. आवर्तन उलटून जातं.

आणि नाव. नाव त्या माणसाला विचारून लिहा. कॉम्प्युटरमधून उचलू नका, यादीवरून उतरवू नका. त्याच्यासमोर कागद ठेवा आणि म्हणा, बघा बरोबर आहे का. अर्धा मिनिट लागतो.

दिघीच्या त्या घरातून आल्यावर मी दुसऱ्याच दिवशी नवीन प्रशस्तिपत्रक लिहिलं. जुनीच तारीख, बरोबर नाव, मस्टर समोर ठेवून तीनदा तपासलेलं. साहेब बदलले होते, नव्यांची सही घेतली. पुढच्या रविवारी घेऊन गेले. त्याच्या बायकोनं ते हातात घेतलं, वाचलं, छान आहे म्हणाली. मग कपाटात साड्यांच्या खाली सपाट ठेवून दिलं. भिंतीवरचं तसंच राहिलं. "ते राहू द्या बाई," ती म्हणाली. "त्यांनी स्वतः लावलंय, अन् अक्षर पोरीचं आहे."

मी आता सदुसष्ट वर्षांची आहे. हात अजून थरथरत नाही आणि बोरू, शाई, सगळं घरात आहे. कोणाला प्रशस्तिपत्रकांवर नावं लिहून हवी असतील तर फुकट लिहून देईन, कागद तेवढा तुमचा, जरा जाड आणा. निळी-पिवळी दोन्ही कार्डं चालतील. फक्त यादी आणाल ती टाइप केलेली नको. ज्याचं त्याचं नाव ज्यानं त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं हवं.

आपली,
टाइम ऑफिसमधली एक निवृत्त कारकून
निगडी प्राधिकरण